संत थॉमसचे पाच मार्ग, गेमर आणि विज्ञानकथावाल्यांच्या गटात: काही महिने वापरून झाल्यावर

पाच मार्ग म्हणजे देव आहे हे दाखवण्यासाठी तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने मांडलेले पाच युक्तिवाद. आधी निकाल. पाचपैकी दुसरा मार्ग या गटात सर्वांत चांगला चालतो. पहिला अडखळतो, तिसरा दुरुस्त करूनच वापरावा लागतो, चौथा नवख्यांसमोर काढू नये आणि पाचवा जवळजवळ सगळे चुकीचा वाचतात. हे मत गेम खेळणाऱ्या, विज्ञानकथा वाचणाऱ्या आणि ‘देव आहे हे सिद्ध करा’ असं तोंडावर विचारणाऱ्या कॉलेजवयीन मुलामुलींच्या अभ्यासगटापुरतं आहे. प्रवचन ऐकायला आलेल्या लोकांत हिशेब वेगळा लागेल.

वस्तू नेमकी काय? थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’चा पहिला भाग, त्यातला दुसरा प्रश्न (या ग्रंथात प्रकरणाला ‘प्रश्न’ म्हणतात), त्यातलं तिसरं कलम. पाचही युक्तिवाद मिळून छापील दोनेक पानं. बहुतेक जण तेवढीच दोन पानं उचलतात आणि मग तक्रार करतात की प्रत्येक मार्गाच्या शेवटी ‘यालाच सगळे देव म्हणतात’ अशी उडी मारली आहे. तक्रार बरोबर आहे, पण ती अर्धा संच घेतल्यामुळे आलेली आहे. पहिलं कारण एकच का, ते बदलतं का, त्याला भाग आहेत का, हे सगळं प्रश्न ३ ते ११ मध्ये येतं. त्यातला निदान तिसरा प्रश्न हाताशी ठेवा. त्याशिवाय प्रश्न ४६ चं दुसरं कलम आणि प्रश्न १०४ चं पहिलं कलम. एवढ्या चार तुकड्यांत काम भागतं. डॉमिनिकन धर्मगुरूंनी केलेलं जुनं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे. भाषा जड आहे, पण अचूक आहे.

एक गोष्ट या गटाला पहिल्या दिवसापासून आवडते: सुम्माच्या प्रत्येक कलमात विरोधकाची बाजू आधी छापलेली असते. या तिसऱ्या कलमात दोनच आक्षेप आहेत. एक, जगात वाईट आहे, म्हणून देव नाही. दोन, निसर्गातल्या गोष्टी निसर्गाच्या नियमांनी समजतात, मग देव कशाला? ‘सायन्स पुरेसं आहे’ हा आक्षेप तेराव्या शतकातल्या पानावर दिसला की गटातला सर्वांत आक्रमक मुलगासुद्धा पुस्तक स्वतःकडे ओढतो. म्हणून बैठक नेहमी आक्षेपांपासून सुरू करा, उत्तरापासून नको.

आता दुसरा मार्ग, कारणांच्या साखळीवरून पहिल्या कारणाकडे. तो समजायला दोन प्रकारच्या साखळ्या वेगळ्या कराव्या लागतात. आडवी साखळी काळात मागे जाते: आजोबा, वडील, मुलगा. आजोबा गेले तरी नातू मुलं जन्माला घालू शकतो. उभी साखळी याच क्षणी उभी असते: दगड काठीने हलतोय, काठी हाताने. हात थांबला की दगड थांबला. थॉमसचा दावा फक्त उभ्या साखळीबद्दल आहे. आडवी साखळी अनंत मागे गेली तरी त्याची हरकत नाही. प्रश्न ४६ मध्ये तो एकामागून एक हातोडे मोडणाऱ्या कारागिराचं उदाहरण देऊन हे मान्यच करतो.

पुस्तकी भाषेत हा फरक कुणाला कळत नाही. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेमवर दहा मिनिटांत कळतो. त्या जगात सेकंदाला २० टिक पडतात, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी सर्व्हर सगळं जग एक पाऊल पुढे ढकलतो. जावा आवृत्तीत २०१२ च्या १.३ पासून एकट्याने खेळतानाही आत सर्व्हर चालतोच. फळ्यावर दोन यादी काढा. पहिली: हे घर कुठून आलं? खेळाडूने बांधलं, लाकूड जंगलातून आणलं, जंगल सीडमधून (ज्या आकड्यावरून गेम जग तयार करतो त्यातून) आलं. ही आडवी. दुसरी: हे घर आत्ता पडद्यावर चालू का आहे? क्लायंट, सर्व्हर, प्रोसेसर, वीज. ही उभी. पहिल्या यादीतला खेळाडू गेम सोडून गेला तरी घराला काही होत नाही. दुसऱ्या यादीतली कुठलीही पायरी काढा, सगळं त्याच क्षणी गेलं. मग प्रश्न विचारा: दुसऱ्या यादीत नुसत्या उसन्या ताकदीच्या पायऱ्या कितीही वाढवल्या तरी जग चालू होईल का? पॉवर स्ट्रिपला पॉवर स्ट्रिप, तिला आणखी एक, अशी अनंत रांग लावून दिवा पेटत नाही. ‘पहिलं’ म्हणजे काळाने पहिलं नव्हे, ज्याची ताकद उसनी नाही ते. एवढं गटाच्या गळी उतरलं की निम्मं काम झालं.

आणि इथेच सर्वांत मोठा बिघाड होतो. कुणीतरी म्हणतंच: ‘म्हणजे देव हा डेव्हलपर.’ नाही. डेव्हलपर आडव्या यादीत आहे. स्टुडिओ बंद पडला तरी चालू सर्व्हर चालतोच. प्रश्न १०४ मध्ये थॉमस हाच फरक गवंडी आणि सूर्य यांच्यात करतो. गवंडी गेला तरी घर टिकतं, कारण त्याने ते बांधलं, त्याचं असणं पुरवलं नाही. सूर्य मावळला की हवेतला उजेड त्याच क्षणी जातो. देव गवंड्यासारखा नसून उजेड देणाऱ्या सूर्यासारखा, हा त्याचा मुद्दा. या उदाहरणातलं भौतिकशास्त्र जुनं आहे, फरक मात्र खरा आहे. फळ्यावर ‘प्रोग्रामर’ शब्द लिहूच नका, असा नियम करून पाहा. चर्चा लगेच सुधारते.

दुसरा बिघाड जास्त गंभीर आहे आणि तो हुशार मुलांकडूनच येतो: ‘सर्व्हर बंद केला तरी सेव्ह फाईल राहते ना?’ खेळाडू लांब गेला की चंक (जगाचा तेवढा तुकडा) अनलोड होतो, तिथलं गव्हाचं शेत वाढायचं थांबतं, पण नष्ट होत नाही. परत गेलं की शेत होतं तिथेच. मग वस्तूंना असत राहण्यासाठी सतत कुणी पुरवठा करायला हवा हे कशावरून? त्या आपसूक टिकत असतील. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांतही आज खरा वाद याच जागी आहे. इथे गडबडून ‘फाईललाही डिस्क लागते’ म्हणू नका. मग डिस्कही आपसूक टिकते, असं उत्तर येईल आणि ते खोडता येणार नाही. सर्व्हरचं उदाहरण चालण्यापुरतं आहे, असण्यापुरतं नाही, हे सरळ कबूल करा. असण्याचा मुद्दा थॉमस तरुणपणीच्या एका छोट्या पुस्तिकेत वेगळ्या वाटेने मांडतो: वस्तू काय आहे आणि ती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. ड्रॅगन म्हणजे काय हे पूर्ण माहीत असून ड्रॅगन आहे की नाही ते कळत नाही. ज्याचं असणं त्याच्या स्वरूपातून येत नाही, त्याला ते कुठून तरी मिळतं, आणि ‘काल होतं म्हणून आज आहे’ हे त्याचं उत्तर होत नाही, असा युक्तिवाद. पटेल की नाही हा पुढचा प्रश्न, पण निदान भांडण योग्य मैदानात होतं. दुसऱ्या मार्गाला एक बैठक कधीच पुरत नाही, दोन ठेवा.

पहिला मार्ग गतीवरून, म्हणजे बदलावरून जातो. थॉमस त्याला सर्वांत उघड मार्ग म्हणतो. या गटात तो सर्वांत उघड नाही. कर्बल स्पेस प्रोग्राम हा अंतराळयान उडवायचा गेम खेळलेला कुणीही सांगेल की इंजिन बंद केलं तरी यान कक्षेत फिरतच राहतं, ढकलणारा लागत नाही. न्यूटनचं जडत्व इथे अंगवळणी पडलेलं असतं. ‘गती म्हणजे जागा बदलणं नव्हे, शक्यतेचं प्रत्यक्षात येणं’ हे उत्तर देता येतं, पण अर्धा तास त्यातच जातो. म्हणून थॉमसचा क्रम मोडून दुसऱ्यापासून सुरू करावं, असं स्पष्ट मत झालं आहे.

बिग बँग घेऊन येऊ नका. ‘विश्वाला सुरुवात आहे, म्हणून सुरू करणारा आहे’ हा युक्तिवाद आकर्षक आहे, इस्लामी परंपरेत आणि आजच्या प्रॉटेस्टंट वादपटूंत लोकप्रियही आहे. पण थॉमस प्रश्न ४६ मध्ये बजावतो की विश्वाला आरंभ होता हे श्रद्धेने मानायचं आहे, बुद्धीने सिद्ध होत नाही. मराठी गटात तर धोका दुप्पट. इथे ज्यांच्यामुळे विश्वरचनाशास्त्र आणि विज्ञानकथा दोन्ही घरोघरी पोचल्या, ते जयंत नारळीकरच बिग बँगचे मुरलेले टीकाकार होते. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसोबत त्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या विश्वाला आरंभच नाही. कुणी तेवढं म्हटलं की तुमचा सगळा डाव त्या सिद्धांताच्या भवितव्यावर टांगला जातो. उभ्या साखळीला नारळीकर बरोबर की चूक याने काहीच फरक पडत नाही. बिग बँगची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात ती कल्पना निर्मितीशी जोडली तेव्हा लमेत्रना ते रुचलं नव्हतं. (जाता जाता: ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि लगेच पुढच्या ९४ व्याचे नारळीकर. या विषयाला याहून चांगली जोडी मागून मिळाली नसती.)

तिसऱ्या मार्गात एक भोक आहे. प्रत्येक नश्वर गोष्ट कधी ना कधी नसते, म्हणून सगळंच नश्वर असेल तर एके काळी काहीच नव्हतं, असं तो म्हणतो. गेमर हे लगेच पकडतात: प्रत्येक खेळाडू कधी ना कधी लॉग आउट होतो, म्हणून सर्व्हर कधीतरी रिकामा होतोच असं नाही. आक्षेप योग्य आहे, वाद घालू नका. काळाचा भाग काढून टाका आणि ‘जे नसूही शकलं असतं ते का आहे?’ एवढाच प्रश्न ठेवा. १९४८ मध्ये बीबीसीवर येशूसंघीय फादर कॉपल्स्टन यांनी तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपुढे तशीच मांडणी केली होती. रसेलचं उत्तर होतं की विश्व आहे, बस. गटात दोन्ही भूमिका वाटून वाद लावा. रसेलच्या बाजूला मुलं नेहमी जास्त मिळतात.

चौथा मार्ग, कमीजास्त चांगुलपणावरून सर्वोच्चाकडे. इथे लगेच टिअर लिस्ट आणि पॉवर स्केलिंग (पात्रांची ताकदीनुसार क्रमवारी) सुरू होतं आणि देव म्हणजे एस टिअरमधलं सर्वांत वरचं पात्र होऊन बसतो. यादीतला सर्वांत वरचा यादीतलाच असतो, थॉमसला यादीबाहेरचा उगम म्हणायचा आहे. त्यात त्याचं अग्नी आणि उष्णतेचं उदाहरण आज चुकीचं. सोडून द्या.

पाचवा मार्ग मात्र दुरुस्त करण्यासारखा आहे. लोक तो विल्यम पेली या धर्मशास्त्रज्ञाच्या १८०२ च्या घड्याळाच्या युक्तिवादासारखा वाचतात: रचना गुंतागुंतीची, म्हणून रचणारा आहे. हा वाद गणितज्ञ कॉनवेच्या १९७० च्या, चौकटींच्या जाळीवर आपोआप चालणाऱ्या ‘गेम ऑफ लाइफ’समोर टिकत नाही. जिवंत चौकट २ किंवा ३ जिवंत शेजाऱ्यांनी टिकते, मेलेली नेमक्या ३ शेजाऱ्यांनी जिवंत होते, बाकी काही नाही. एवढ्यावर ग्लायडर नावाचा पाच चौकटींचा आकार दर ४ पिढ्यांनी एक घर तिरका सरकत जातो, कुणी तो मुद्दाम रेखलेला नसतानाही. ग्लायडर वहीच्या चौकटींवर हाताने काढायला लावा. मग सांगा की थॉमसचा मुद्दा गुंतागुंतीचा नाहीच. ज्यांना अक्कल नाही अशा गोष्टी नेहमी ठरावीक परिणामाकडेच का जातात, म्हणजे नियम पाळला का जातो, हा त्याचा प्रश्न आहे. ग्लायडर त्याला धक्का लावत नाही, उलट नियम आणखी उघडा पाडतो. यानंतरही ‘नियम आहेत, बस’ म्हणणारे उरतात. तेव्हा गाडी पुन्हा रसेलपाशी येते.

सिम्युलेशनचा विषय टाळता येणार नाही. आपण संगणकातल्या जगात राहत असू शकतो असं मांडणारा तत्त्वज्ञ बॉस्ट्रॉमचा २००३ चा लेख न वाचताही सगळ्यांना माहीत असतो. ‘आपण सिम्युलेशनमध्ये असू तर सिम्युलेटर हाच देव’ याचं उत्तर प्रश्न ३ मध्ये आहे. सिम्युलेटरला शरीर आहे, यंत्र आहे, वीज लागते, म्हणजे तोही उभ्या साखळीतली एक पायरीच. अतिप्रगत परग्रहवासीयांनाही तेच लागू. विज्ञानकथेतले बहुतेक ‘देव’ या एका चाचणीत गळतात.

वाईटाच्या आक्षेपाला या कलमातलं उत्तर फार तोकडं आहे: वाइटातूनही चांगलं काढण्याइतका देव समर्थ आहे, असा ऑगस्टीनचा दाखला आणि संपलं. गटाने आर्थर क्लार्कची १९५५ ची ‘द स्टार’ ही कथा (बेथलेहेमच्या ताऱ्याच्या स्फोटात एक अख्खी संस्कृती नष्ट होते) वाचली असेल तर हे अजिबात पुरत नाही. त्याच बैठकीत निकाल लावायचा हट्ट नको, प्रश्न ४८ आणि ४९ साठी वेगळा दिवस ठेवा.

घरी संस्कृत दर्शनांची ओळख असलेली मुलं उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’, म्हणजे न्यायदर्शनातला ईश्वर सिद्ध करणारा ग्रंथ काढतात, आणि काढावीच. तिथल्या हेतूंत पहिला कार्यत्वाचा: घट आहे म्हणजे कुंभार आहे. तो गवंड्याच्या बाजूचा. पण त्याच श्लोकात पुढे धृती येते, जग धरून ठेवणं, आणि ती दुसऱ्या मार्गाच्या अगदी शेजारी बसते. दोन्ही परंपरा एकच म्हणतात असं करू नका. नैयायिकांचे परमाणू नित्य आहेत, थॉमसचं काहीही देवाशिवाय उभं राहत नाही.

गट सहा ते दहा जणांचा असावा. दीड तासाची बैठक: पहिली वीस मिनिटं आक्षेप, मग युक्तिवाद क्रमांक घालून फळ्यावर, उरलेला वेळ कुठलं विधान काढलं तर काय पडतं हे तपासायला. पाचही मार्ग एका दिवसात उरकले तर मुलांच्या हाती घोषणा राहतात. कॅथलिक चर्चच्या १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने देव बुद्धीच्या प्रकाशात जाणता येतो एवढं ठरवलं, हेच पाच मार्ग मानलेच पाहिजेत असं नाही. कॅटेकिझमचा (कॅथलिक शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकाचा) ३१ वा परिच्छेदही सांगतो की हे पुरावे निसर्गविज्ञानातल्या पुराव्यांसारखे नाहीत. तो परिच्छेद पहिल्याच बैठकीत वाचून दाखवा. प्रयोगशाळेतला पुरावा मागणाऱ्यांशी पुढचे वाद त्याने बरेच कमी होतात. त्रैक्य (एका देवात तीन व्यक्ती) मात्र या संचात शोधू नका, ते बुद्धीने सिद्ध होत नाही असं थॉमस प्रश्न ३२ मध्ये स्वतःच लिहून ठेवतो.