सहा पॅनलची घरगुती युरिन ड्रग टेस्ट किट : ५ पैकी २ तारे

शेजारच्या काकांनी ऑनलाइन मागवली, पाचशेच्या आत मिळाली. मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या लॅबमध्ये टेक्निशियन, त्यामुळे डबा आमच्याच ओट्यावर उघडला गेला. आत गांजा, अफूचे पदार्थ, कोकेन, अ‍ॅम्फेटामिन, बेंझोडायझेपिन आणि बार्बिच्युरेट (दोन्ही झोपेच्या गोळ्यांतली) यांच्या पट्ट्या.

पट्टी म्हणून माल बरा आहे. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे सांगणारी रेघ ठसठशीत उठते, पाच मिनिटांत काम होतं. माहितीपत्रक मात्र मुंगीच्या अक्षरात, तेही फक्त इंग्रजीत. 'टी'पाशी (टेस्टच्या जागी) रेघ दिसली तर निगेटिव्ह, दिसली नाही तर पॉझिटिव्ह. प्रेग्नन्सीच्या पट्टीच्या नेमकं उलट! फिकट रेघसुद्धा निगेटिव्हच. आणि अफूचा कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह धरायची किमान पातळी, मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम इतकी कमी असेल तर खसखस लावलेले अनारसे हाणून बसलेली आजीही पॉझिटिव्ह येऊ शकते.

पण तारे कापले ते दुसऱ्याच कारणासाठी. काकांचा मुलगा गरब्याहून आला तो रात्रभर बरळत होता, डोळ्यांच्या बाहुल्या ही एवढ्या, अंग भट्टीसारखं. मित्राने दिलेला 'कागद' (नशेचं रसायन मुरवलेला कागदाचा तुकडा) जिभेखाली ठेवला होता म्हणे. सगळ्या रेघा उठलेल्या पाहून काका म्हणाले, "चला, सुटलो बाबा."

"अहो काका, या पट्टीवर त्या कागदाचं खातंच नाही," म्हटलं.

अशा कागदावर मिळणारी, भास घडवणारी नशा म्हणजे एलएसडी; ती तर यात नाहीच. शिवाय एलएसडी म्हणून विकतात त्या कागदावर पुष्कळदा २५आय-एनबीओएमईसारखं प्रयोगशाळेत घडवलेलं रसायन निघतं. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ते बंदीच्या यादीत घातलं, पण बनवणारे रेणूचा एखादा कोपरा बदलून नवा माल आणतात. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये. कागदाच्या एका तुकड्यावर किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. जास्त झालं की नाडी आणि बीपी चढतं, ताप भडकतो, झटके येतात. स्नायू वितळायला लागतात, लघवी कोलासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडं बसतात. मृत्यूही झालेत. हे रसायन ओळखायला मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूच्या वजनावरून पदार्थ ओळखणारी तपासणी लागते, ती आमच्यासारख्या लॅबमध्ये नसते.

आमच्याकडे होतं ते सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची). नशा कुठली ते त्यातून कळत नाही, शरीराचं नुकसान कळतं. मी काकांना तेच करायला लावलं आणि रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे पाठवलं. खरं तर त्याच रात्री १०८ बोलवायला हवी होती. यावर उतारा असं औषध नाही. डॉक्टर शांत करणारं इंजेक्शन देतात, अंग थंड करतात, सलाइन लावतात, आणि त्यासाठी कुठल्याही पट्टीच्या निकालाची वाट बघत नाहीत.

दोन तारे दिले ते गांजा नि झोपेच्या गोळ्यांसाठी; तिथे ही चालते. तिसरा देईन, पण कंपनीने डब्यावर 'सर्व नशा ओळखा' असं जे छापलंय ते आधी खोडावं आणि खाली ठळक मराठी-गुजरातीत लिहावं : एलएसडी आणि तसल्या कागदांसाठी ही टेस्ट नाही.