कम्युनिटी कॉलेजात बायोलॉजी : वर्षभरानंतरचा अनुभव

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) जायचं, हा बेत. युनिटला (म्हणजे क्रेडिटला) फी ४६ डॉलर. टॅग म्हणजे यूसीच्या काही कॅम्पसनी दिलेली प्रवेशाची हमी, आणि असिस्ट म्हणजे इथला कोणता कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो ते सांगणारी वेबसाइट. मी बे एरियातल्या एका कॉलेजात तिसऱ्या सेमिस्टरला आहे. पहिल्या सेमिस्टरनंतर लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते.

मग आली वेटलिस्ट.

बायोलॉजीच्या दुसऱ्या भागाला लॅबमध्ये जागा २४. ज्यांचे युनिट जास्त त्यांना रजिस्ट्रेशनची वेळ आधी मिळते, माझे झाले होते जेमतेम १४. वेटलिस्टवर सातवा नंबर. काउन्सेलर म्हणाले, "शेजारच्या कॉलेजात करून टाक." नशीब, पैसे भरायच्या आदल्या रात्री असिस्ट उघडलं. मला हव्या त्या कॅम्पससाठी दोन्ही भाग जोडीनेच धरले होते, तेही एकाच कॉलेजातले. अर्धा इथे, अर्धा तिथे केला तर हातात काही नाही. म्हणजे पाच युनिटचे २३० डॉलर पाण्यात गेले असते! ही गोष्ट सांगणं काउन्सेलरचं काम नाही का?

पहिल्या दिवशी तरी वर्गात जाऊन बसले. तिघं आलेच नाहीत, पण आत घेतले पहिले तीन. मी घरी. ते सेमिस्टर बायोलॉजीविना गेलं.

या ऑगस्टमध्ये नंबर दुसरा होता. सरांनी चिठोऱ्यावर ॲड कोड (वर्गात नाव घालायचा आकडा) लिहून दिला, आणि खरं सांगते, राग तिथेच निम्मा उतरला. मामेबहीण यूसीत आहे, तिची लॅब टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारे वरच्या वर्गातले विद्यार्थी घेतात. आमच्याकडे सर स्वतः शेजारी उभे. मायक्रोपिपेटचं (थेंबाहून कमी द्रव मोजून घ्यायच्या नळीचं) बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा असतो, मी थेट दुसऱ्यापर्यंत दाबून जास्तीचा ओढत होते. नमुने भरायच्या जेलीसारख्या थरात माझा निळा थेंब शेजारच्या खाचेत ओघळला. सरांनी फक्त माझा अंगठा किंचित वर उचलला. तेव्हापासून चुकले नाही.

पुस्तकाला शून्य खर्च, ओपनस्टॅक्सचं फुकट आहे. गॉगल सीनियरकडून पाच डॉलरला, एक काच चरे पडलेली. पार्किंगचे पैसे मात्र अजून टोचतात.

बाबांना बर्कलेच हवंय. टॅग सहाच कॅम्पस देतात, त्यात बर्कले नाही, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोही नाहीत, हे त्यांना चारदा सांगून झालं. माझा टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्येच गेला.

चार तारे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा एकच वर्ग आहे, तोही संध्याकाळचा. तिथेही वेटलिस्ट निघाली तर इथे येऊन एक तारा काढून घेईन.