दहा डॉलरचं टेबल, बारा डॉलरचा ब्लॅकजॅक

लास वेगासला जाणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. भारतातून आईवडील आलेत, त्यांना एकदा तो झगमगाट दाखवायचाय, थोडंसं खेळवायचंय, पण खिशाला चाट बसायला नको, असा विचार करून जे जातात त्यांच्यासाठी तर नक्कीच. आम्ही तसेच गेलो होतो आणि आमची फसवणूक झाली. रक्कम ४८ डॉलर. मोठी नाही. पण ती हरलेल्या डावांत गेली असती तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. ती आम्ही जिंकलेल्या डावांतून कापून घेतली गेली.

मार्च २०२४ ची गोष्ट. माझे वडील, अण्णा, वय ७३, मिरजेहून फिनिक्सला आमच्याकडे आले होते. सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते. पत्त्यांचा त्यांना भारी नाद, पैशांचा मात्र कधीच नाही. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या जागरणाला रमी आणि तीन पत्ती रंगायची, तीही शेंगदाणे लावून. फिनिक्सहून वेगास गाडीने पाचेक तास. म्हटलं, अण्णांना एकदा खऱ्या टेबलावर बसवू. आई नातवंडांपाशी थांबली, आम्ही दोघं निघालो. दोघांचे मिळून ४०० डॉलर बाजूला काढले होते. गेले तर गेले, असं ठरवूनच.

मी तीन आठवडे तयारी केली होती. ब्लॅकजॅक म्हणजे एकवीस. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या पुढे जाऊ न देता डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि त्याच्या जोडीला दश्शी किंवा चित्र आलं, तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला दीडपट पैसे. दहा लावले असतील तर पंधरा मिळतात. कुठल्या पानावर पत्ता मागायचा, कुठे थांबायचं, जोडी कधी फोडायची म्हणजे सारख्या दोन पत्त्यांचे दोन वेगळे डाव कधी करायचे, याचा छापील तक्ता मिळतो. तो मी पाठ केला आणि अण्णांनाही शिकवला. एक्का-छक्का असे सतरा झाले तर डीलर थांबतो की आणखी एक पत्ता घेतो, जोडी फोडल्यावर दुप्पट लावू देतात का, असे बारीकसारीक नियमही वाचून ठेवले होते. दीडपटीची मात्र मला शंकाच आली नाही. तो नियम नव्हे, तो खेळच आहे असं मी धरून चालले होते.

स्ट्रिपवरच्या, म्हणजे वेगासच्या मोठ्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या, एका मोठ्या कॅसिनोत शुक्रवारी संध्याकाळी शिरलो. नाव लिहीत नाही, कारण हेच टेबल तिथे अनेक ठिकाणी आहे. सभासदत्वाचं फुकट कार्ड काढायच्या काउंटरवर एका तरुणीने आम्हाला दहा डॉलरची कुपनं दिली आणि म्हणाली, हे त्या कोपऱ्यातल्या सिंगल डेकच्या टेबलावर चालेल, आमच्याकडचा सगळ्यात चांगला खेळ. मी तिला विचारलं, ब्लॅकजॅकचे पैसे नेहमीसारखेच ना? ती हसून म्हणाली, हो, आमचे सगळे खेळ नेहमीसारखेच आहेत. हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

टेबलापाशी उजळ पाटी होती: सिंगल डेक, कमीत कमी दहा डॉलर. आजूबाजूच्या टेबलांवर पंचवीस आणि पन्नास. सिंगल डेक म्हणजे पत्त्यांचा एकच कॅट. बाकी ठिकाणी सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसलेले असतात. कॅट जितके कमी तितकं खेळणाऱ्याला बरं, हे मी वाचलं होतं आणि ते खरंही आहे. सूटबुटातल्या देखरेख करणाऱ्या माणसाला मी विचारलं, नियम चांगले आहेत ना? तो म्हणाला, मॅडम, एकच डेक आहे, यापेक्षा चांगलं काय हवं?

अण्णा खूश होते. इथे पत्ते हातात घेऊन वाटत होते, उपडे, घरच्यासारखे. फक्त एकाच हाताने धरायचे, पत्ता हवा असेल तर टेबलावरच्या कापडावर हलकेच खरवडायचं, नको असेल तर चिप्सखाली, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांखाली, सरकवायचे. पाच मिनिटांत त्यांना ते जमलं. तीन तास आम्ही खेळलो. मी सारखी तक्त्यात बघत होते, डीलर भराभर चिप्स सरकवत होती, चहूकडे आवाज. रात्री अकराला उठलो तेव्हा ४०० मधले १७० उरले होते.

खोलीवर आल्यावर अण्णांनी हॉटेलच्या छोट्या वहीवर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं. नऊ उभ्या रेघा आणि त्याखाली २७.

"अगं, दहा दीडे पंधरा ना? मग तिने मला दर वेळी बाराच कसे दिले?"

मी म्हटलं, अण्णा, चुकला असाल. कॅशियरला हे म्हणायचं नसतं. ते म्हणाले, "दोन लाल, दोन पांढऱ्या. लाल पाचाची, पांढरी एकाची. नऊ वेळा. तुला सात वेळा आला, तुलाही तसेच दिले." मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललात? तर म्हणाले, "तू तीन आठवडे अभ्यास केला होतास. मला वाटलं इथला काही कर वगैरे असेल. चारचौघांत तुला खाली कशाला पाहायला लावू?"

त्यांचे नऊ आणि माझे सात, सोळा वेळा तीन डॉलर. अठ्ठेचाळीस.

सकाळी सातला मी एकटी खाली गेले. टेबल रिकामं होतं. हिरव्या कापडावर अर्धगोलात बारीक पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं: ब्लॅकजॅक पेज सिक्स टू फाइव्ह. म्हणजे पाचाला सहा. माझ्या जागेसमोर त्या ओळीवर आदल्या रात्री माझाच पेला होता. शेजारच्या खुर्चीसमोर चिप्सच्या चळती होत्या. उजळलेल्या पाटीवर सिंगल डेक मोठ्या अक्षरांत, दहा डॉलर त्याहून मोठ्या अक्षरांत, आणि पाचाला सहाचा उल्लेखच नाही.

मी तक्रार केली. दुसरा एक अधिकारी आला, अतिशय नम्र होता. त्याने कापडावरच्या ओळीवर बोट ठेवलं. काउंटरवरच्या मुलीने काय सांगितलं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडामध्ये खेळाच्या पैशांवरून वाद झाला, तो मिटला नाही आणि रक्कम ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त असली, तर कॅसिनोला स्वतःहून गेमिंग कंट्रोल बोर्डाला, म्हणजे कॅसिनोंवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाला, कळवावं लागतं. त्यापेक्षा कमी असेल तर बोर्डाकडून चौकशी करून घ्यायचा तुमचा हक्क आहे, हे तरी त्यांना सांगावंच लागतं. त्याने ते सांगितलं. पण टेबलावर जे छापलंय तेवढे पैसे आम्हाला मिळाले होते. चौकशीत निघणार काय? मी पुढे गेले नाही. फसवणूक कायद्यात बसवलेली असली की माणूस कसा हतबल होतो ते त्या दहा मिनिटांत कळलं.

डीलरवर मात्र माझा अजिबात राग नाही. ती बक्षिशीवर घर चालवणारी नोकरदार बाई. तिने कापडावर लिहिलेलं पाळलं.

आता हिशेब सांगते, कारण तीन डॉलरचं काय एवढं, असं मलाही अनेकांनी म्हटलं. ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. खेळणारा सरासरीने थोडा हरतोच, ते हरणं ज्या मोजक्या गोष्टींनी भरून निघतं त्यातली सगळ्यात मोठी ही दीडपट. ती बारावर आणली की कॅसिनोचा वाटा लावलेल्या शंभर डॉलरमागे जवळपास एक डॉलर चाळीस सेंटने वाढतो. सहा कॅटचं, दीडपट देणारं साधं टेबल, डीलर एक्का-छक्क्यावर पत्ता घेत असला तरी, तक्त्याप्रमाणे खेळणाऱ्याकडून शंभरामागे साठेक सेंट घेतं. आम्ही बसलो होतो ते एकाच कॅटचं टेबल दीड डॉलरच्या पुढे घेत होतं. एका कॅटचा फायदा शंभरामागे जेमतेम अर्ध्या डॉलरचा, आणि तो दाखवून त्याच्या जवळपास तिप्पट काढून घ्यायचं, हे त्यातलं इंगित.

म्हणून टेबलाची किंमत पाटीवरच्या आकड्यावरून ठरवू नका. तासाला साठ डाव धरा. दहा डॉलरच्या आमच्या टेबलावर तासाला सरासरी नऊ-दहा डॉलर जातात. दीडपट देणाऱ्या पंधराच्या टेबलावर साडेपाच. पंचवीसच्या टेबलावरही नऊच. फक्त तिथे चढउतार मोठे, हातात पैसा जास्त लागतो, म्हणून आपल्यासारखे लोक तिकडे बसत नाहीत आणि दहाच्या पाटीकडे वळतात. ज्याच्या खिशात कमी, त्याच्याकडून दर चढा. मला सगळ्यात जास्त चीड याची आली.

आणखी एक. पाचाला सहा हे ऐकायला दोनाला तीनपेक्षा, म्हणजे दीडपटीपेक्षा, मोठं वाटतं, आकडे मोठे म्हणून. इंग्रजीत गणित शिकलेली मी त्यात गुंतले असते. अण्णांच्या पिढीने दीडकी, सवायकी तोंडपाठ केली होती. त्यांच्या दृष्टीने ते दीडपट तर नव्हतंच, सव्वापटसुद्धा नव्हतं.

तेव्हा टेबलावर बसण्याआधी, पैसे काढण्याआधी, डीलरला एवढंच विचारा: ब्लॅकजॅकला दहावर किती देता, पंधरा की बारा? नियम चांगले आहेत का, नेहमीसारखे आहेत का, असं विचारलंत तर कोणीही हो म्हणेल. आकड्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागतं. आणि उत्तर मिळालं तरी पेले, चिप्स बाजूला सरकवून कापडावरची ओळ स्वतः वाचा. बारा म्हणाले तर उठा. पाच डॉलरच्या पडद्यावरच्या यंत्रांवर तर काही ठिकाणी ब्लॅकजॅकला लावले तेवढेच देतात, तेही तपासा. पैजेच्या गोलाशेजारी आणखी छोटे गोल असतात, जोडीवर लावा, रंगावर लावा म्हणून, तिथे एक चिपही ठेवू नका. डीलरचा एक्का दिसला की विमा घेता का विचारतात, म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक निघेल यावर वेगळी पैज, तोही घेऊ नका. दीडपट देणारी स्वस्त टेबलं आहेत, पण ती शोधावी लागतात. आम्हाला स्ट्रिपपेक्षा जुन्या डाउनटाउनात, फ्रीमाँट स्ट्रीटच्या बाजूला, असं टेबल मिळालं, आणि तेही सकाळी. शुक्रवारी संध्याकाळी त्याच टेबलाची पाटी बदलून पंधराचे पंचवीस झालेले असतात. आणि हेही लक्षात असू द्या की सगळ्यात चांगलं टेबलसुद्धा कॅसिनोच्याच बाजूने झुकलेलं असतं. चांगले नियम म्हणजे कमी हरणं, एवढंच.

माझा मावसभाऊ पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर जाणार होता, त्यालाही मी हाच प्रश्न विचारायला सांगितला. तिथे आणखी एक विचारायचं: प्रवेशाच्या पैशांत ज्या चिप्स मिळतात त्यातल्या किती रोखीत बदलून मिळतात? काही फक्त एकदाच खेळायच्या असतात, काउंटरवर त्यांचे पैसे मिळत नाहीत.

त्या शनिवारी सकाळी अण्णा म्हणाले, पुरे झालं, हूवर धरण बघू आणि घरी जाऊ. मी हट्टाने त्यांना आधी डाउनटाउनला नेलं. नऊ वाजले होते. चार ठिकाणी कापडं वाचत फिरलो, दोन ठिकाणी पाचाला सहाच होतं. पाचव्या ठिकाणी पंधरा डॉलरचं टेबल, दोन कॅटचं. मी तो प्रश्न विचारला. पांढऱ्या केसांचा डीलर होता, माझ्याकडे न बघता कापडावर बोट फिरवत म्हणाला, थ्री टू टू. अण्णा बसले, मी मागे उभी राहिले. चाळीसेक मिनिटांनी त्यांना एक्का आणि किलवरचा गुलाम आला. त्यांनी पत्ते उलटे केले आणि डीलरच्या हाताकडे बघत राहिले. चार लाल चिप्स आल्या, दोन पांढऱ्या, आणि वर एक नाणं, अर्ध्या डॉलरचं, केनेडींचा चेहरा असलेलं.

"पंधरा दीडे साडेबावीस," अण्णा म्हणाले, आणि ते नाणं त्यांनी खिशात टाकलं. मिरजेला त्यांच्या कपाटात, बँकेच्या जुन्या शिक्क्यांच्या डबीत, ते अजून आहे.