लाँग बेड कापायचा की नाही? 72 ची शेवरले सी-10, चौदा महिन्यांनंतर

गाडी घेतानाच ठरवलं होतं, ही कापायची. 1972 ची शेवरले सी-10 पिकअप, 350 व्ही-8 इंजिन, आठ फुटी हौदा, म्हणजे लाँग बेड. शेतावर राबलेली, रंग पार उडालेला, पण जन्म टेक्ससच्या कोरड्या भागात गेल्यामुळे चासी ठणठणीत. याच मॉडेलची शॉर्ट बेड, म्हणजे आखूड हौद्याची, आधी बघून आलो होतो, किंमत ऐकूनच मागे फिरलो. इथे अमेरिकेत जुन्या पिकअपच्या बाजारात शॉर्ट बेडला नवरदेवाचा मान आणि लाँग बेडला वऱ्हाड वाहणाऱ्याचा. म्हणून बरेच जण स्वस्तातली लांब गाडी घेतात आणि कापून आखूड करतात. मीही त्याच वाटेवर होतो.

काम काय असतं ते आधी सांगतो. लांब गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) 127 इंच, आखूडचा 115. हौदा मात्र जवळजवळ वीस इंचांनी कमी होतो. म्हणजे चासी दोन ठिकाणी कापायची: बारा इंच मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढून काढायचे आणि उरलेले इंच मागच्या टोकाकडून. काप सरळ उभा घ्यायचा नाही, पायरीसारखा घ्यायचा, म्हणजे सगळा वेल्ड एका रेषेत येत नाही. आतून पट्टी मारायची. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण मोजायचे. या शेवरलेला मागे कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारे दांडे) आहेत, त्यांची जागा जरा चुकली की अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. शिवाय प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करणं, ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर. पेट्रोलची टाकी तेवढी आड येत नाही, कारण ती केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे आहे. (1973 पासून ती बाहेर गेली. उन्हाळ्यात काचा बंद करून बसलं की का गेली ते नाकाला कळतं.)

एका गॅरेजवाल्यानं खर्च सांगितला, तो गाडीच्या किमतीच्या वर गेला आणि त्यात हौद्याचं काम धरलेलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाला, हौदा तू बघ. मी स्वतः कापणार होतो असंही नाही, माझं वेल्डिंग गेटच्या कडीपलीकडे गेलेलं नाही.

तेवढ्यात बाबा पुण्याहून आले होते. गाडीला एक चक्कर मारून म्हणाले, "टेंपोचा हौदा कापून कुणी लहान करतं का रे? लोक वाढवून घेतात." मी हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या दिवशी निळी मास्किंग टेप घेऊन हौद्यात उतरलो. केबिनकडून 78 इंच मोजले आणि दोन्ही काठांवर आणि तळावर टेप मारली. इथपर्यंत शॉर्ट बेड. पुढचे पाच महिने सामान भरलं की टेपच्या कुठल्या बाजूला येतं ते बघायचं, एवढंच.

एकतीस फेऱ्यांपैकी अकरा वेळा सामान टेप ओलांडून गेलं. प्लायवूड, आठ फुटी रीप, शिडी, मित्राची क्वीन गादी (80 इंच, दोन इंचांनी हरली). खरं सांगायचं तर प्लायवूडचं रडगाणं थोडं फुगवलेलं असतं. फाळका पाडला की चार बाय आठची शीट शॉर्ट बेडमध्येही बसते. पण पाडलेल्या फाळक्यावर टोक टेकवून हायवेला ताशी पासष्ट मैलांनी जाताना मन सगळं आरशात असतं. गणपतीत मंडळाच्या स्टेजच्या चौदा शीट्स, वर दोन ढोल, आणि फाळका बंद. त्या दिवशी मी टेपकडे बघितलंसुद्धा नाही.

तोटे आहेतच. गाडी साधारण सव्वासतरा फूट लांब. माझ्या गॅरेजमध्ये ती शिरते, पण मग वॉटर हीटरकडे जायला आडवं व्हावं लागतं. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये यू-टर्न एका दमात कधीच होत नाही. पावसात हौदा रिकामा असला की मागचं टोक हलकं पडतं, म्हणून वाळूच्या दोन गोण्या कायम असतात. अ‍ॅव्हरेज गॅलनला बारा मैल, कापून त्यात काही फरक पडला नसता.

आणि दिसणं? बाजूनं बघितलं तर अजूनही मागचा भाग जास्तच वाटतो, हे कबूल. त्यावर मी उतारा शोधला: स्प्रिंग बदलून गाडी थोडी खाली घेतली आणि चाकं मोठी बसवली. कापण्याच्या खर्चाच्या पाव भागात झालं, आणि उद्या नको वाटलं तर जुन्या स्प्रिंगा शेडमध्ये पडून आहेत.

तुमच्या लाँग बेडचा हौदा सडलाच असेल आणि चासी उघडी पडलेलीच असेल, तर गणित वेगळं. तेव्हा शॉर्ट बेडचा नवा तयार हौदा घेऊन कापण्यात अर्थ आहे. चांगला अखंड हौदा मात्र मी तरी कापणार नाही.

टेपचा प्रयोग करणार असाल तर दर महिन्याला बदला. माझी पाच महिन्यांच्या उन्हात अशी चिकटली आहे की तळावरची निघाली, काठावरची अजून रॉकेल लावून नखानं खरवडतोय.