नव्या गाडीला पीपीएफ: आम्ही अर्धंच लावलं
शोरूमवाल्याने पूर्ण गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म (पेंट प्रोटेक्शन फिल्म), लावा म्हणून पिच्छाच पुरवला. आकडा ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात अख्खी गाडी पुन्हा रंगवून होईल!" शेवटी अंधेरीतल्या एका दुकानातून फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरसे एवढ्यालाच लावून घेतलं. फिल्म टीपीयूचीच (एक लवचिक प्लास्टिक) घ्या. पीव्हीसीची स्वस्त पडते, पण उन्हात लवकर पिवळी होते. काम सफाईदार. बॉनेटच्या कडा नीट आत दुमडल्यात, बंपरच्या कोपऱ्यात एक बुडबुडा मात्र राहिलाय. फिल्मवर पडलेले फडक्याचे बारीक ओरखडे उन्हात खरंच भरून येतात. हायवेवर डंपरमागून उडणारी खडी सिरॅमिक कोटिंगला (पीपीएफऐवजी काहीजण रंगावर लावतात तो द्रव लेप) झेपत नाही, त्याचा थर फारच पातळ. रिक्षाने दार चेपलं तर पीपीएफही काही करणार नाही; तिथे इन्शुरन्सच.