आरडीचे ‘कोरे’ ब्लॉक-पिस्टन घेण्याआधी हे वाचा

राजदूत ३५० ही जुनी मोटारसायकल (आपली ‘आरडी’, यामाहा आरडी ३५० वरून) जुळवायला घेतलेल्या मराठवाड्यातल्या मंडळींसाठी मुद्दाम लिहितोय, कारण मला खोटा ‘कोरा’ माल विकणाऱ्या माणसाचे फोन ओळखीतल्या आणखी दोघांना येऊन गेलेत.

आरडीचं दुखणं काही नवीन नाही. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या परवान्यावर ही गाडी काढली ती १९८३ ते १९८९ एवढीच वर्षं. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आधीच्या एचटीला (हाय टॉर्क) ३०.५ हॉर्सपॉवर, नंतरच्या एलटीला (लो टॉर्क) २७. एचटीचे बरेच भाग तेव्हा जपानहून यायचे, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी ‘एचटी’ आणि ‘जपान’ हे दोन शब्द आले की भाव दुप्पट. टाकी, मडगार्ड, दिवे कसेबसे जमतात. गाडं अडतं ब्लॉकपाशी, म्हणजे ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या सिलिंडरपाशी.

माझ्या एचटीचा ब्लॉक मूळच्या ६४ मिमीवरून बोअर होत होत (आतून कातून मोठा होत) शेवटच्या साइजला पोचलेला, पुढं कातायला जागाच नाही. अशात व्हॉट्सअॅपवर एकाचा मेसेज आला: बंद पडलेल्या डीलरच्या गोदामातला कोरा स्टॉक, स्टँडर्ड साइज. आधी त्यानं पेट्रोल कॉक पाठवला, पैसे नंतर द्या म्हणाला. कॉक एकदम अस्सल. खरी मेख तिथंच होती. मग ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि क्रँकचे ऑइल सील (रबरी ओठाच्या कड्या) असा संच ३८,००० ला ठरला. “भाऊ, नांदेडचे एक डॉक्टर मागं लागलेत, उद्यापर्यंतच धरून ठेवतो.” यूपीआयवर नाव भलतंच दिसत होतं. विचारलं तर म्हणे मेहुण्याचं खातं.

पार्सल उघडल्यावर कुणीही हरखलं असतं. पिवळे पडलेले पुठ्ठे, तेलकट तपकिरी कागद, लाल छपाई. आमचे उस्ताद संभाजीनगरच्या जुन्या शहरातले, आरडी आवाजावरून ओळखणारे. त्यांनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ऑइल सील उचललं, त्याचा ओठ नखानं दुमडला आणि सोडला. तो चटकन जागेवर आला. “ये तो कल का है, भाऊ. चालीस साल का रबर ऐसा नहीं रहता.”

आणि समजा सील खरंच तेवढं जुनं निघालं असतं, तरी ते बसवायचं नसतंच. कडक झालेल्या सीलमधून क्रँककेसमध्ये हवा शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापून जाम होतो. क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढलं जाऊन धुराचा लोट. म्हणजे रबराच्या बाबतीत ‘जुना कोरा माल’ ही थापच आहे, विकणारा प्रामाणिक असला तरी.

मग ब्लॉक. एक्झॉस्टच्या खिडकीतून (धूर बाहेर पडायच्या भोकातून) आत बोट घातलं की पायरी लागत होती. लायनर (आतली लोखंडी नळी) नंतर ठोकलेलं, त्याची खिडकी बाहेरच्या अॅल्युमिनियमशी जुळत नव्हती. कडाही धारदार, घासून गोल केलेल्या नाहीत. अशा कडेत रिंग अडकून तुटते. ब्लॉक थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पंखांच्या मुळाशी ब्लास्टिंगची (जुना धातू भुकटीच्या झोतानं चकचकीत करण्याची) पांढरी भुकटी, आणि तळाला जुन्या पॅकिंगचा करडा ठसा. कधीच न बसवलेल्या ब्लॉकला पॅकिंगचा ठसा कुठून येणार? वाळूजच्या लेथवाल्यानं बोअर गेज लावला तर वरच्या आणि खालच्या मापात आठ शतांश मिमीचा फरक. पिस्टनवरची अक्षरं पंचानं ठोकलेली, खालीवर. दोन्ही पिस्टन सोनाराच्या काट्यावर ठेवले, नऊ ग्रॅमचा फरक निघाला.

फोन केल्यावर आधी “तुमच्या मेकॅनिकलाच कळत नाही”, मग नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. माल हातात मिळालाय म्हटल्यावर हा दर्जाचा वाद आहे, असं आधी ऐकावं लागलं. ‘कोरा, न वापरलेला’ हे त्यानं चॅटमध्ये लिहून दिलेलं होतं, म्हणून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली अर्ज घेतला गेला. नुसतं फोनवर बोलणं झालं असतं तर हातात काही नव्हतं. पैसे अजून आलेले नाहीत.

त्याचे सगळे फोटो समोरून, खोक्यासकट होते. तुम्ही ब्लॉकचा तळ मागा, खिडकीचा आतून फोटो मागा, सील दुमडतानाचा व्हिडिओ मागा. जालन्याच्या रोलिंग मिलांकडे जाणाऱ्या भंगारातून वेचलेला माल मळका असतो, पण निदान हातात घेऊन बघता येतो.

शेवटी माझ्याच जुन्या ब्लॉकला वाळूजमध्ये नवी स्लीव्ह (म्हणजे लायनरच) बसवून घेतली, खिडक्या जुळवून, कडा घासून. त्या ३८,००० च्या पाव खर्चात. स्लीव्हला माझा विरोध नाही, ती कोरा स्टॉक म्हणून खपवण्याला आहे.

गेल्या आठवड्यात लातूरच्या एका मित्रानं फोटो पाठवला. नवा नंबर, किंमत ४५,०००. डावीकडच्या दुसऱ्या पंखाचा टवका उडालेला स्पष्ट दिसतोय. तो ब्लॉक माझ्या घरात आहे.