सीताअशोकाच्या नावाखाली १५,८०० रुपयांना टोपी

४० रोपं, ३५० रुपयांनी १४,०००, टेम्पोभाडं १,८००. सगळे आगाऊ भरले, आणि सीताअशोक म्हणून दारात आला तो खोटा अशोक. कंपाउंडला रांगेत उभा करतात ना, तोच.

वहाळाच्या कडेला ऐन-किंजळीच्या सावलीत वाढेल असं इथलंच झाड मला हवं होतं. सीताअशोक त्या जागेचाच. पण औषधी सालीपायी इतका ओरबाडला गेलाय की जंगलात सहज दिसत नाही, आणि खोटी रोपं विकणाऱ्या टोळ्यांचं नेमकं त्यावरच फावतं. विकणाऱ्याने पाठवलेले फोटो मात्र झकास, खोडालाच लगडलेले केशरी-लाल घोस!

रोपं आली ती बहुतेक पानं छाटून. "प्रवासात सुकतात, साहेब." यात वावगं काही नाही, चांगले नर्सरीवालेही छाटतात. उतरवता उतरवता टेम्पोवरचा पोरगा म्हणाला, "काका, ही शाळेच्या कंपाउंडची झाडं ना?" मी त्यालाच गप्प केलं. शेंड्याला दोन-तीन पानं उरली होती. लांबट, चकचकीत, नागमोडी कडांची, एकेक सुटी. सीताअशोकाच्या एकाच देठावर पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, जोड्या असतात, कोवळी पालवी ओल्या फडक्यासारखी लोंबते. हे मला पाठ होतं हो! पण कोवळेपणी तांबूस दोन्ही दिसतात, त्यात अंधारून आलेलं, खड्डे तयार, मजूर खोळंबलेले. अशा वेळी पर्णिका कोण मोजत बसतो? निदान एक पूर्ण पान शाबूत असल्याशिवाय रोप उतरवूनच घेऊ नका.

"बदलून देतो"च्या चार गोड गोष्टी झाल्या, मग विकणाऱ्याने मला ब्लॉकच केलं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "रोपं मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे." कृषी कार्यालयात सांगितलं, १९६९ चा नर्सरी कायदा फळझाडांचा, तुमचं झाड जंगली. बरं, जंगली तर जंगली, वनखात्यात गेलो. तिथे साहेब म्हणतात, "अशोकच आहे ना शेवटी?" कपाळ! यांना तरी फरक कळावा की नाही? ग्राहक आयोगाचा अर्ज भरायला बसलो तेव्हा पावती नीट वाचली: "अशोक रोपे, नग ४०". त्यात खोटं काय लिहिलंय, सांगा!

तेव्हा पावतीवर 'सीताअशोक' आणि शास्त्रीय नाव 'साराका असोका' दोन्ही लिहून घ्या. आगाऊ निम्म्याच्या वर देऊ नका. मातृवृक्ष, म्हणजे ज्याच्या बियांपासून रोपं केली ते झाड, दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून बीसुद्धा घेऊ नका. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, "बदलून देतो" म्हणणाऱ्याची वाट बघत बसू नका.